ज्याची संहिता उरली नाही : बीट फार्मर्स आणि चाहत्यांची साक्ष

साहित्याच्या अभ्यासकाला एक सोय नेहमीच उपलब्ध असते. कवितेविषयी मतभेद झाला, तर पुस्तक उघडून ओळ दाखवता येते. दोघांनी लावलेले अर्थ वेगळे निघाले, तरी दोघांसमोरची ओळ एकच असते. आमच्या साऱ्या समीक्षाव्यवहाराचा, वर्गातील अध्यापनाचा, फार काय परीक्षेतील 'संदर्भासह स्पष्टीकरणा'चाही पाया हाच आहे. जिथे ही सोय नाही तिथे आम्ही अवघडतो, आणि बहुधा तो विषय आठवणींच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. अमेरिकेतील सॅन डिएगोच्या बीट फार्मर्स या बँडचे चाहते आपल्या बँडविषयी ज्या रीतीने बोलतात, ती रीत या सवयीला छेद देणारी आहे. आल्बम चांगलेच आहेत, पण ते म्हणजे बीट फार्मर्स नव्हेत, असा त्यांच्या बोलण्याचा एकूण सूर असतो. त्यांच्या लेखी बीट फार्मर्स म्हणजे बारमधली ती रात्र. ती रात्र गेली, बँडही गेला, प्रेम मात्र टिकून आहे. या प्रेमाला निव्वळ स्मरणरंजन म्हणून बाजूला सारू नये. त्यात एक समीक्षादृष्टी आहे आणि तिची तपासणी संहितेइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवी, असे आम्हांस वाटते.

हे नाव मराठी वाचकाला ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. खुद्द अमेरिकेतही ते फार दूरवर पोचले नाही. 1983 साली हा बँड उभा राहिला. जेरी रेनी आणि बडी ब्लू हे दोघे गिटारवर आणि गायनात, बेसवर रोली लव्ह, आणि ड्रमवर कंट्री डिक मोंटाना. शहराच्या पूर्वेला असलेल्या स्प्रिंग व्हॅली या वस्तीतल्या एका साध्यासुध्या बारमध्ये त्यांचे सुरुवातीचे कार्यक्रम होत. 1985 मध्ये ऱ्हायनो कंपनीने 'टेल्स ऑफ द न्यू वेस्ट' हा त्यांचा पहिला आल्बम काढला. पुढे कर्ब या कंपनीकडून 'व्हॅन गो' (1986), 'द परस्यूट ऑफ हॅपिनेस' (1987) आणि 'पुअर अँड फेमस' (1989) असे आल्बम आले. 'गरीब आणि प्रसिद्ध' या शेवटच्या नावातला निम्मा भाग तरी अगदी खरा होता. दरम्यान 1986 मध्ये बडी ब्लू बाहेर पडला आणि त्याच्या जागी जोई हॅरिस आला. 1990 मध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमाचा एक आल्बम निघाला, 1994 आणि 1995 मध्ये आणखी दोन आल्बम आले, आणि 1995 च्या नोव्हेंबरात सारे संपले. कंट्री संगीताच्या रेडिओ केंद्रांना हा बँड फार दांडगट वाटला आणि रॉकच्या केंद्रांना फार गावंढळ. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण त्यांना तंतोतंत लागू पडते.

ज्या प्रकारात त्यांची गणना होते त्याला काउपंक म्हणतात. 1980 च्या सुमारास, विशेषतः लॉस एंजेलिसमध्ये, पंकच्या गदारोळात वाढलेली काही तरुण मंडळी आपल्या आईवडिलांच्या पिढीच्या कंट्री गाण्यांकडे वळली. रँक अँड फाइल या बँडचा 'सनडाउन' (1982), नॅशव्हिलच्या जेसन अँड द स्कॉर्चर्स यांची धुमश्चक्री, एक्स या पंक बँडमधील काहींनी 'द निटर्स' या नावाने 1985 मध्ये काढलेला आल्बम, ही त्याची काही उदाहरणे. वरवर पाहता हा विजोड संसार आहे. पंक म्हणजे परंपरेवर थुंकणे, कंट्री म्हणजे परंपरेपुढे टोपी काढणे. पण दोहोंत एक जुने नाते आहे. दोघांनाही अलंकरणाचा संशय आहे, दोघांनाही तीन मिनिटांत आणि तीन स्वरमेळांत सांगून मोकळे व्हायचे आहे, आणि दोघांनाही 'अस्सल कोण' या प्रश्नाने पछाडलेले आहे. 1980 च्या 'अर्बन काउबॉय' या चित्रपटानंतर काउबॉयची टोपी ही शहरी फॅशन झाली होती. तीच टोपी काउपंकवाल्यांनी चढवली, तेव्हा तिच्यात थट्टा किती आणि माया किती हे वेगळे काढता येईनासे झाले. आमच्या मते या प्रकाराचे सारे मर्म या वेगळे न काढता येण्यात आहे. निव्वळ विडंबन फार काळ ऐकवत नाही, आणि निव्वळ भक्ती ऐकायची तर मूळ कंट्री आहेच की.

आता कार्यक्रमाकडे. कंट्री डिक मोंटाना हे अर्थातच घेतलेले नाव. माणसाचे मूळ नाव डॅनियल मॅकलेन, जन्म 1955 चा, कॅलिफोर्नियातला. धिप्पाड देह, डोक्यावर टोपी, आणि विहिरीच्या तळातून यावा तसा खर्जातला आवाज. तो बसायचा मागे, ड्रमच्या पाठीशी, आणि पुढे दोन गिटारवादक नेकीने गात असायचे. मग मध्येच तो आपली जागा सोडून पुढे येई, ध्वनिक्षेपक हाती घेई आणि प्रयोगाचा रंग पालटून जाई. टेबलांवरून चालणे, प्रेक्षकांत शिरणे, अंगावर बिअर ओतून घेणे, प्रेक्षकांनी ती उडवणे, दारुड्याच्या आत्मगौरवाचे प्रवचन आणि लगेच एखादे कंट्री गीत धीरगंभीर खर्जात. चाहत्यांच्या आठवणी फिरून फिरून इथेच येतात. पहिल्या आल्बममधील 'हॅपी बॉय' हे दोन मिनिटांहूनही लहान गाणे त्यांतल्या त्यांत गाजले. त्यातल्या मुलाचा कुत्रा गाडीखाली सापडून मरतो, मुलगा त्याला खणात ठेवतो आणि विसरून जातो, आणि तरीही तो आनंदीच असतो. कागदावर लिहिले तर हे किळसवाणे वाटेल. भरलेल्या बारमध्ये ते सर्वांनी मिळून म्हणण्याचे गाणे होते.

या वर्णनातील एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. विदूषक हा इथे ड्रमवादक आहे. बँडमध्ये ताल राखणारा माणूस म्हणजे व्यवस्थेचा रखवालदार; तो चुकला तर सगळेच कोसळते. तोच जागा सोडून पुढे येतो, याचा अर्थ रखवालदारानेच दरवाजा सताड उघडला. बाख्तीनने राब्लेवरील ग्रंथात कार्निव्हलचे जे वर्णन केले आहे, त्यात नट आणि प्रेक्षक यांच्यातली सीमारेषा नसते. सगळेच त्या उत्सवात जगत असतात. बीट फार्मर्सच्या कार्यक्रमांना हे वर्णन लागू करण्याचा मोह होतो, आणि तो बराचसा योग्यही आहे. पण बराचसाच. हा कार्निव्हल तिकीट काढून पाहायचा होता, आणि जी बिअर उधळली जाई ती त्याच बारच्या गल्ल्यावर पैसे मोजून घेतलेली असे. उधळपट्टीचाही एक हिशेब कुठे तरी लागत होता.

आम्हांस बाख्तीनपेक्षा भरत अधिक जवळचा वाटतो, आणि तो केवळ आपला म्हणून नव्हे. नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखावे, असा रोखठोक व्यावहारिक प्रश्न भरत तिथे विचारतो, आणि उत्तरासाठी संहितेकडे न पाहता प्रेक्षकांकडे पाहतो. मानुषी सिद्धीची लक्षणे तो मोजून सांगतो: स्मित, मोठ्याने हसणे, 'साधु' आणि 'अहो' असे उद्गार, वाढत जाणारा कल्लोळ, अंगावर रोमांच, जागेवरून उठणे, आणि आनंदाच्या भरात वस्त्रे व अंगठ्या नटाला देऊन टाकणे. दैवी सिद्धी वेगळी. तिथे प्रेक्षागृह भरलेले असते आणि तरी निःशब्द असते. पाश्चात्य अभिजात संगीताच्या सभागृहात दैवी सिद्धीचा आग्रह दिसतो. बारमधले संगीत पूर्णतः मानुषी सिद्धीवर जगते. अंगठी आणि बिअर यांत किमतीचा फरक असेल, पण नटाच्या दिशेने काही तरी भिरकावल्याशिवाय राहवत नाही, ही प्रेरणा एकच आहे. याच अध्यायात भरत प्रयोगातील विघ्नांचीही गणना करतो, आणि त्यांत शत्रुपक्षाने फेकलेल्या वस्तूही आहेत. म्हणजे फेकणे हे कौतुक की उपद्रव, हे फेकणाऱ्याच्या मनावर ठरते. बीट फार्मर्सच्या प्रेक्षकांना हा भेद शिकवावा लागला नाही.

मग प्रश्न येतो तो ध्वनिमुद्रणाचा. 1990 चा 'लाउड अँड प्लाउड' हा सॅन डिएगोतल्याच कार्यक्रमाचा आल्बम आम्ही ऐकला आहे. प्रत्यक्ष कार्यक्रम पाहण्याचा योग अर्थातच आला नाही. आल्बम ऐकताना जाणवते ते असे की, सर्वांत महत्त्वाचा भाग गाण्यांच्या मधल्या जागांत आहे, आणि नेमक्या त्याच जागा सर्वांत दुर्बोध आहेत. गलका आहे, आरोळ्या आहेत, पण त्यांचे कारण ध्वनिफितीवर नाही, कारण ते डोळ्यांनी पाहायचे होते. एखाद्या ग्रंथाच्या तळटीपा सुरक्षित राहाव्यात आणि मजकूर गहाळ व्हावा, तसे काहीसे हे झाले आहे.

पेगी फेलन यांनी 1993 च्या 'अनमार्क्ड' या पुस्तकात अशी भूमिका घेतली की, प्रयोगाचे आयुष्य केवळ वर्तमानात असते. तो नोंदवला गेला की तो प्रयोग राहत नाही, दुसरेच काही तरी होतो. फिलिप ऑसलँडर यांनी 1999 च्या 'लाइव्हनेस'मध्ये याला हरकत घेतली. 'प्रत्यक्ष' ही कल्पनाच मुळी ध्वनिमुद्रणानंतर जन्मली. मुद्रित काही नव्हतेच तेव्हा प्रत्यक्षाला प्रत्यक्ष म्हणण्याचे कारणच नव्हते, असे त्यांचे म्हणणे. बीट फार्मर्सच्या चाहत्यांकडे पाहिले की आम्हांस ऑसलँडर अधिक पटतात. ते आल्बमचा तिरस्कार करत नाहीत. उलट आल्बम जपून ठेवतात, वाजवतात, आणि वाजवताना 'इथे खरे तर असे झाले होते' अशी भर घालतात. आल्बम नसता तर ही भर कशात घालायची? उणीव दाखवायलाही आधी काही तरी हाती असावे लागते.

मराठी वाचकाला हा अनुभव परका नाही. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' छापील रूपात उपलब्ध आहे, आणि तरीही ज्यांनी दादा कोंडके यांचे प्रयोग पाहिले त्यांच्यापैकी कुणीही ते पुस्तक पुढे करून 'हे पाहा' म्हणणार नाही. ऐन वेळी सुचलेली कोटी, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी, समोर बसलेल्या एखाद्या बड्या प्रेक्षकाची फिरकी, हे सारे पुस्तकाबाहेरच राहिले. आपल्या विद्यापीठीय अभ्यासात लोकनाट्यावर लिहिताना पुस्तकाचाच आधार घेतला जातो, प्रेक्षकांच्या आठवणी 'परिशिष्टा'त जातात किंवा जातच नाहीत. असो.

बीट फार्मर्सच्या स्मृतीवर एका घटनेची दाट सावली आहे, आणि तिच्याविषयी आमचे मत थोडे कडू आहे. 1990 च्या सुमारास कंट्री डिकला थायरॉइडचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, आणि तो पुन्हा गाऊ लागला. 8 नोव्हेंबर 1995 रोजी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हिसलर या गावी, एका सलूनमधल्या कार्यक्रमात, रंगमंचावरच तो कोसळला आणि गेला. वय 40. बँड तिथेच थांबला. तेव्हापासून जो कुणी या बँडविषयी लिहितो तो या मृत्यूपासून सुरुवात करतो किंवा मृत्यूपाशी येऊन थांबतो. कथा म्हणून ही घटना फार सोयीची आहे, आणि सोयीच्या कथांविषयी समीक्षकाने सावध असावे. रंगमंचावर मरण येणे ही नटाची कृतार्थता, हा जुना रोमँटिक संकेत आहे. मोलियरच्या मृत्यूचीही कथा अशीच सजवली गेली, जरी तो प्रयोग पूर्ण करून घरी गेल्यावर मेला. या संकेताने दोन गोष्टी बिघडतात. बारा वर्षांच्या सगळ्या रात्री एका शेवटच्या रात्रीची पूर्वतयारी ठरतात, आणि हसण्यासाठी केलेल्या साऱ्या उचापतींवर मागाहून नियतीची छाया पडते. स्प्रिंग व्हॅलीत 1984 साली टेबलावर चढलेल्या माणसाला आपण कसे मरणार हे ठाऊक नव्हते, आणि खाली उभ्या असलेल्यांनाही नव्हते. त्या अज्ञानातच ती मजा होती. आम्हांस तर असे वाटते की, या बँडचे चांगले चाहते ओळखायची खूण हीच: ते व्हिसलरविषयी कमी बोलतात आणि कुठल्या तरी बिनमहत्त्वाच्या मंगळवारविषयी अधिक.

चाहत्यांची साक्ष समीक्षा म्हणून घ्यायची, तर तिच्यातले दोषही पाहिले पाहिजेत. पहिला दोष असा की, विदूषकाच्या प्रेमात कवी हरवतो. या बँडकडे चांगली गाणी होती. 'बिगर स्टोन्स' आणि 'हॉलिवूड हिल्स' ही बँडबाहेरच्या पॉल कमान्स्की यांची गाणी, किंवा ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'रीझन टू बिलीव्ह'चे पहिल्या आल्बमवरील रूप, ही शांतपणे एकट्याने ऐकावी अशी आहेत. स्प्रिंगस्टीनने 1982 मध्ये जवळजवळ कुजबुजत गायलेले ते गीत यांनी रस्त्यावर आणले, आणि तरी त्यातला विषाद गेला नाही. आमचा तर्क असा की, कंट्री डिकच्या धिंगाण्याला उंची येत होती ती त्याच्या आधी रेनीने अशी दोन-तीन गाणी सरळ, प्रामाणिकपणे म्हटलेली असल्यामुळे. नुसता धिंगाणा कुठल्याही बारमध्ये फुकट मिळतो. आठवणींत मात्र धिंगाणा उरतो, आणि त्याला पेलून धरणारी गिटार पार्श्वभूमीत जाते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. केनी रॉजर्स यांचे 'ल्युसिल' (1977) हे गीत कंट्री डिक आपल्या पद्धतीने गात असे. मूळ गीतात पत्नी सोडून गेलेला एक शेतकरी आहे, घरी चार भुकेली मुले आहेत, शेतात उभे पीक आहे. बारमध्ये भेटलेल्या त्या स्त्रीची बाजूही गीताने पुरती नाकारलेली नाही. तिच्या थकव्याला तिथे जागा आहे. बीट फार्मर्सच्या हाती ही करुणा बाजूला पडून त्याचा सामुदायिक थट्टेचा खेळ होई, आणि थट्टेचे लक्ष्य ती स्त्री असे. सगळ्यांनी मिळून हसण्यात कोण हसते आणि कोणाला हसले जाते, हा प्रश्न प्रेमात पडलेल्या साक्षीदाराला सुचत नाही. त्या गर्दीत उभ्या असलेल्या स्त्रियांपैकी काहींनी मोकळेपणाने साथ दिली असेल, काही दाराकडे सरकल्या असतील. दाराकडे सरकलेल्यांच्या आठवणी कुणी गोळा करत नाही. चाहत्यांच्या साक्षीत जे थांबले तेच बोलतात. आमच्याकडच्या तमाशाच्या आठवणींचेही हेच आहे, हे इथे नमूद करणे भाग आहे.

इतके असूनही आम्ही या प्रेमाच्या बाजूने का बोलतो, याचे एक कारण कंट्री डिकच्या पूर्वायुष्यात सापडते. बँड काढण्यापूर्वी हा माणूस स्वतः एक चाहता होता, आणि साधासुधा नव्हे. द किंक्स या इंग्रज बँडच्या अमेरिकेतील चाहता मंडळाचा तो अध्यक्ष होता. किंक्सची निवड बोलकी आहे. त्यांचा 1968 चा 'व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' हा आल्बम नाहीशा होत चाललेल्या क्षुल्लक गोष्टी जपण्याविषयी आहे, अर्धा थट्टेत आणि अर्धा मनापासून. इंग्लंडमधल्या जुन्या म्युझिक हॉलची परंपरा, गायकाने सोंग घेऊन प्रेक्षकांना गायला लावण्याची, बिअरच्या साक्षीने, ती किंक्सच्या रे डेव्हिस यांनी पुढे चालवली. मॅकलेनने ती प्रेक्षकांत उभे राहून आत्मसात केली आणि काउबॉयची टोपी घालून स्प्रिंग व्हॅलीत आणली. म्हणजे ज्याच्या कार्यक्रमांवर लोक जीव टाकत, त्याची घडण दुसऱ्या कुणावर जीव टाकण्यातच झालेली होती. प्रेक्षक केव्हा उठतो, केव्हा ओरडतो, केव्हा त्याला स्वतःच गावेसे वाटते, हे त्याला ठाऊक होते, कारण त्याने ते आधी स्वतः केले होते. बडी ब्लूचा प्रवास उलट दिशेने झाला. तो पुढे वर्तमानपत्रांतून संगीतावर लिहू लागला, तिखट आणि बेमुर्वत. 2006 मध्ये तोही गेला. चाहता, कलावंत आणि समीक्षक अशी तीन खाती आम्ही पाडतो. या एका लहानशा बँडमध्ये माणसे त्यांच्यामधून बिनदिक्कत ये-जा करत होती.

उरलेल्या सदस्यांनी पुढे 'द फार्मर्स' या नावाने वाजवणे सुरू केले. जुने चाहते तिथे गेले, गाणी म्हटली. पण आता साक्षीदारांचे वय झाले आहे. 1985 मध्ये जो वीस वर्षांचा होता तो आज साठी ओलांडून पुढे गेला. या मंडळींनी लिहायला हवे, आणि 'काय रात्र होती ती' असे न लिहिता नेमके लिहायला हवे. कुठल्या गाण्यानंतर कुठले आले, कंट्री डिक पुढे आला तेव्हा आधी काय चालले होते, खोली किती मोठी होती, भिंतीपाशी कोण उभे होते, कोण निघून गेले, कोणता विनोद पडला. पडलेला विनोद विशेष महत्त्वाचा, कारण आल्बममध्ये तो कधीच घेतला जात नाही.